जून

परभणीच्या कोर्टात बत्तीस वर्षं टंकलेखक.
माझा जन्म एक जूनचा, लोखंडे गुरुजींनी दिलेला.
आई म्हणायची, तू ज्वारीच्या काढणीत झालास,
पण शाळा जूनमध्ये उघडायची
आणि आम्ही चौदा पोरं एकाच दिवशी जन्मलो.

तीसुद्धा एक जूनची.
जिंतूर रोडच्या धाब्यावर भांड्यांच्या ढिगामागं सापडली,
नाव विचारलं तर म्हणाली, जूनकिरी.
कारकुनाला वाटलं महिना सांगायलीय,
त्यानं तारखेच्या रकान्यात लिहून टाकलं.
तिच्या डोंगरात जून म्हणजे चंद्र,
जूनकिरी म्हणजे काजवा,
हे आम्हाला बँकेच्या गुरख्यानं सांगितलं.
दुभाषा म्हणून त्याला दीडशे रुपये.
व्हाउचर मीच टाइप केलं.

सिव्हिलमध्ये मनगटाचा फोटो काढला.
डॉक्टर म्हणाले, सोळा ते अठरा,
एक वर्ष इकडं, एक तिकडं.
बालगृहाच्या अनुसयाबाई रेंगे
भेंडीचं टोक मोडून बघतात :
कट्‌कन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून.
म्हणाल्या, "साहेब, ही वाकायला शिकलीय,
जून नाही झाली."

मेमध्ये तिचा चुलता आला.
इस्त्रीचा शर्ट, लॅमिनेट केलेले कागद,
ताबा मिळावा असा अर्ज.

ताबा.
हा शब्द मी जन्मभर बडवला.
गट नंबर अमुकचा ताबा,
जप्त ट्रॅक्टरचा ताबा,
दोन शेळ्या व एक करडू, ताबा पावती सोबत जोडली आहे.
बोटं शब्द बघत नसतात.
त्या दिवशी की अडकली.

अर्ज फेटाळला तरी त्याचं काही बिघडत नव्हतं.
पंधरा दिवस थांबायचं फक्त.
एक जूनला ती सज्ञान,
फाटक आपोआप उघडणार,
बाहेर जो उभा, त्याची ती.

नुसरत देशमुख वकीलबाई, फी न घेता,
सुट्टीच्या कोर्टात उभ्या राहिल्या.
पारा चव्वेचाळीस, पंखा बंद.
म्हणाल्या, कायद्यात एकविसापर्यंत दार आहे, मॅडम.
त्याला कडी नाही.
कुणी ढकलून बघत नाही, एवढंच.

मॅडमनी तिलाच विचारलं.
गुरखा पुढं सरकला,
त्याच्याआधी ती बोलली, आमच्याच बोलीत :
"काका बाहीर थांबायलाय.
मला बाहीर जायचंय.
त्याच्यासंगं नाही."

एकतीस मे, दुपारचे साडेचार.
मी टाइप केलं, सदर बालिका.
थांबलो. उद्यापासून सदर महिला.
मॅडम म्हणाल्या, नाव लिहा. नुसतं नाव.
जूनकिरी. अनुरक्षणगृहात, तिच्या संमतीने,
एकवीस पूर्ण होईतो.
सरहद्दीपार पाठवण्याआधी तिचं म्हणणं ऐकावं.
चुलत्याने शंभर मीटरच्या आत येऊ नये.
ताबा कुठंच आला नाही.
संमती मात्र बघून बघून टाइप केलं,
तरी वेलांटी चुकली,
पान पुन्हा काढलं.

तोच माझा शेवटचा कागद.
एक तारखेला जन्मलेला आदल्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम.
शाल, नारळ, दोन भाषणं.
बाहेर आलो तर अनुसयाबाई तिला रिक्षात बसवत होत्या.
आदेशाची नक्कल तिनं घडी न घालता धरलेली,
शाई ओली असल्यासारखी.

"उद्या तुमचा बी वाढदिवस हाय का?"
"कागदावर."
"माझा बी," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

फाटकापलीकडं, एकशेएक मीटरवर म्हणू या,
टेप कुणाकडंच नव्हता,
इस्त्रीचा शर्ट उभा होता.
स्टँडला जायचा रस्ता तिकडूनच.