वर्ताळा

शिट्टी वाजेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.
लेंबाता बेटावर, चिंचेखालच्या आमच्या बाजारात
एवढा एकच कायदा.
बाकी सगळं बायका ठरवत.

आम्ही समुद्राकडच्या, त्या डोंगरावरच्या.
पाकटाची एक सुकी पट्टी, कोपरापासून मनगटापर्यंत,
तिला बारा कणसं. नाहीतर बारा केळी.
बाराच का, मी विचारलं होतं लहानपणी.
आई म्हणाली,
"अकरा दिली की बारेकला रात्री झोप नाही.
तेरा दिली की मला."

मी नऊ वर्षांची असताना बाबांची होडी
सबंध मोसम कोरडी आली.
बारेकनं कणसं दिली, पट्टी न घेता.
कुठे लिहिलं नाही. लिहिणार कोण,
दोघींचाही अंगठाच.

पुढे मासा आला. बारेक म्हणाली, दोन पट्ट्या.
आई म्हणाली, बाराला एक, हे तुझ्या आजीपासूनचं.
"ते काय भरल्या कणगीतलं कणीस होतं, पेत्रोनेला?
माझ्या पोरांच्या समोरून उचललं होतं."
"आणि हा मासा काय मला वाळूत सापडला?
नवरा दोन रात्री पाण्यावर होता माझा."

दोघी खऱ्या होत्या. तेच तर भांडण.
एक जरी खोटी असती
तर दुपारपर्यंत मिटलं असतं.

तीन शनिवार बोलल्या नाहीत.
व्यवहार थांबला नाही, तो माझ्या हातून व्हायचा.
दोघींच्या पाठी एकमेकींकडे, मध्ये मी.
आई माझ्या कानात सांगे, "तिला म्हण, कणसं किडकी आहेत."
बारेक मोठ्यानं सांगे, "तिला म्हण, ऐकू आलं."

चौथ्या शनिवारी मी आईची बाजू घेतली.
कुणी सांगितलं नव्हतं.
जुडीच्या मध्ये एक कुबट पट्टी सरकवली,
पावसात भिजलेली, कडेला हिरवट.
वर चांगली, खाली चांगली.
बारेकनं जुडी सोडली नाही, नाकाशीही नेली नाही.
सहा मोजली, परत सहा,
चुंबळ डोक्यावर ठेवली आणि चढण चढू लागली.
ती वळून बघेल म्हणून मी उभी होते.

केव्हातरी त्या दोघी बोलायला लागल्या.
दीड पट्टीवर मिटलं.
अर्धी कापताना सुरी कुणी धरायची,
यावर परत थोडं.

मग एकदा, शिट्टी झाल्यावर,
बारेकनं माझ्यापुढे भोपळा ठेवला.
"किती पट्ट्या?" मी.
"काही नको. आधीच दिलंयस तू.
ती मधली पट्टी कुत्र्यानंही हुंगून सोडली.
मग पुरली मी, बियांखाली.
दोन धरले. एक तुझा."

आवाजात राग नव्हता.
शोधला मी. पुष्कळ शोधला.
राग असता तर फिट्टंफाट झाली असती.

घरी येताना चुंबळ तीनदा घसरली.
आईनं विचारलं, मी सांगितलं.
ती काही बोलली नाही.
आठ दिवस भोपळाच शिजवला,
माझ्या ताटात, फक्त माझ्या.
बिया मात्र धुऊन, वाळवून फडक्यात बांधल्या
बारेकला परत द्यायला.
"बिया बोलीत नव्हत्या," म्हणाली.

आता आईच्या जागी मी बसते.
समोर बारेकची सून, पेनी.
मध्यंतरी मोटारीतून एक माणूस आला, नोट पुढे केली,
पट्टीचा भाव विचारला.
बारा, मी म्हणाले.
बारा काय?
पेनी हसायला लागली, मग मीही.
तो बिचारा नोट धरून उभा.

जुडी बांधताना मधली पट्टी मी अजून
दोनदा हुंगते.
पेनी कधी जुडी सोडत नाही.
कधी कधी वाटतं,
एकदा तरी सोडावी तिनं.