ओलं पोतं

दोन आठवड्यांच्या बोलीवर आली होती ती.
खुब्याचं हाड मोडलं तेव्हा, डंडीच्या इस्पितळात,
दुखण्याच्या गोळ्यांनी पोट सोलवटू नये म्हणून
सर्जनने लिहून दिलेली
अर्धी गुलाबी, अर्धी तपकिरी कॅप्सूल.

दुखण्याच्या गोळ्या संपल्या.
सर्जन निवृत्त होऊन स्पेनला गेला.
कुत्रा गेला. मग युअन गेला.
ही मात्र बिऱ्हाड करून बसली,
अकरा वर्षं, न्याहारीच्या अर्धा तास आधी.

आर्ब्रोथच्या औषधांच्या दुकानात नवी मुलगी आली आहे, मोरवेन.
यादीवर बोट ठेवून म्हणाली,
"मिसेस स्वँकी, ही कशासाठी घेता?"
मी तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.
पोटासाठी, म्हटलं.
"पोटाला काय होतं?"
काही नाही.
"हिच्यामुळे काही नाही, की मुळातच काही नाही?"
हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

रक्त तपासलं. बी-बारा तळाला गेलेलं.
डॉक्टर जपून बोलले:
हिचाच दोष असं नाही म्हणत,
पण गरज नसेल तर कशाला?
शेजारच्या वॉल्टरची चालूच ठेवली,
त्याच्या जठरातून एकदा रक्त गेलंय,
त्याच्या दाराशी पहारा हवाच.
माझ्या दाराशी पहारेकरी नुसता पगार खात होता.

आधी निम्मी, मग दिवसाआड, मग बंद.
"भडकेल," मोरवेनने बजावलं होतं,
"काही आठवडे. घाबरून परत धरू नका.
फारच झालं तर मला फोन करा."

नवव्या रात्री भडकलं.
छातीच्या मधोमध, वर घशापर्यंत आंबट.
तीन वाजता उशा रचून बसले
आणि हसूच आलं,
कारण हे मला माहीत होतं.

चाळीस वर्षं मी हॅडॉक धुरावले,
घरामागे, जमिनीत पुरलेल्या पिंपावर.
खाली बीचची लाकडं,
वर काठीवर शेपटीला शेपटी बांधलेल्या जोड्या,
त्यावर तागाची ओली पोती.
पोतं आगीला विझवत नाही, दाबून धरतं.
उचललं की जाळ आधी तोंडावर येतो,
नवख्यांच्या भुवया घेऊन जातो.
जुनी बाई एक पाऊल मागे सरते.
थांबते.
जाळ आपल्या मापाला येतो.

थांबले.
पलंगाच्या उशाकडे, पायांखाली दोन विटा.
रात्रीचं जेवण सहाला.
आणि एका सकाळी लक्षात आलं
की काल काही लक्षातच आलं नव्हतं.

एक गोष्ट मोरवेनला सांगितली नाही.
ती कॅप्सूल युअन काढून ठेवायचा,
चहाच्या बशीत, कपाच्या कानाजवळ.
तो गेल्यावर मी ठेवू लागले, तिथेच.
पोटासाठी मी ती बहुधा घेतच नव्हते.

आता बशीत नुसता चमचा.
आठवड्याच्या डबीत, रविवारच्या खणात
एक राहून गेली आहे. झाकण घट्ट बसलंय.
हलवली की वाजते.
उरलेली दुकानात परत आणून द्या, म्हणते मोरवेन.
देईन.
एवढ्यात नाही.