मला येतं

सातपूर कॉलनीत, झेरॉक्सच्या दुकानावर
माझा वर्ग भरतो, सात ते सव्वाआठ.
पंखा एक. फळा अर्धा,
कारण उरलेल्या अर्ध्याला ओल धरलीय
आणि तिथे खडू उमटत नाही.

मंगळवारी कोरड्या अर्ध्यावर लिहिले
पाच शब्द, एकाखाली एक:
एबल, केपेबल, कॉम्पिटंट, स्किल्ड, टॅलेंटेड.
शब्दकोशाने पहिल्या तिघांना सक्षम म्हणून वाटेला लावलंय,
चौथ्याला कुशल,
पाचव्याला देवाच्या हवाली.

मी म्हटलं, गंगापूरचं धरण भरलेलं असतं
तेव्हा ते केपेबल.
दरवाजे उचलले, की एबल.
कॉम्पिटंट म्हणजे पाटबंधाऱ्याचा साहेब,
किती क्युसेक सोडायचं ते ज्याला कळतं
आणि ज्याची सही चालते.
"आणि टॅलेंटेड?" निवृत्ती खैरनारने विचारलं.
दुतोंड्या मारुती, मी म्हटलं,
पाणी गळ्याशी आलं तरी ज्याचा चेहरा बदलत नाही,
एक सोडून दोन्ही.
वर्ग हसला. तीन बॅच झाल्या,
हे उदाहरण अजून हसवतं.

रंगनाथ गांगुर्डे हसला नाही.
खिशातून चौघडी कागद काढला, बाकावर सपाट केला.
पॉवर प्रेसच्या अपघातानंतरचा कंपनीचा फॉर्म.
तीन चौकोन, एकात खूण.
"मॅडम, यातला मी कुठला?"

उजव्या हाताची दोन बोटं फेब्रुवारीत गेली.
त्याआधी तेवीस वर्षं
नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून
डाय कुठल्या कोपऱ्यात घासलीय ते हा सांगायचा.

केपेबल, मी म्हणणार होते.
पण केपेबल म्हणजे होईल याच्याच्यानं, पुढे कधीतरी.
तेवीस वर्षांना पुढे कधीतरी म्हणायचं?
कॉम्पिटंट तर दुसऱ्याच्या सहीने होतो माणूस.
आणि एबल
छापणाऱ्याने दहा बोटं मोजूनच छापलं असणार.
खडू हातात मऊ झाला.

मागून रुखसाना पठाण बोलली,
पिंपळगावच्या पॅकहाउसात घडातले खराब मणी कातरते ती:
"आपल्यात कुठं असं असतं.
आपल्यात म्हणतात, मला येतं."

येतं. जमतं. होतं माझ्याच्यानं. हात बसलाय.
मी तेही लिहून काढलं, शब्दांच्या शेजारी,
जागा पुरेना म्हणून तिरकं.
इंग्रजीत आधी मी असतो,
मग विशेषण, शर्टाला लावलेल्या बिल्ल्यासारखं.
इकडे ते येतं.
कुठूनतरी चालत येतं माणसाकडे,
पोहणं येतं, वेल्डिंग येतं,
भाकरी थापणं येतं, आधी कडा फाटलेली.
मग राहतं मुक्कामाला.
किंवा एके दिवशी उठून जातं
आणि आपण म्हणत बसतो, पूर्वी यायचं.

"गेलेलं नाही मॅडम," गांगुर्डे म्हणाला.
"आता डाव्या हाताने येतं.
जरा उशिरा येतं, एवढंच.
याला इंग्रजीत काय?"

उद्या सांगते, मी म्हटलं.
घरी रात्री तीन जाडजूड पुस्तकं उघडली.
मीही एम.ए., मलाही इंग्रजी येतं,
त्या रात्री आलं नाही.

बुधवारी त्याची दुसरी पाळी होती.
गुरुवारी जिना चढून वर आले, तर हा आधीच आलेला,
पंखा बंद, फळ्यापाशी उभा.
कुठला चौकोन, ते मी विचारलं नाही.
डाव्या हाताने ओल्या अर्ध्यावर
लिहीत होता ए, बी, एल, ई.
काहीच उमटत नव्हतं.

"इकडे लिही की," मी म्हटलं.
"इथे चुकलेलं दिसत नाही," म्हणाला,
आणि पुन्हा ए पासून सुरुवात केली.