पोच

असोळण्याच्या धक्क्यावर पिएदादनं
पहिल्या दिवशी मला बुडायला शिकवलं.
वल्हं नंतर, म्हणाली. आधी पालथे व्हा.

साळ नदी छातीएवढी, कोमट, चिखलाच्या वासाची.
मी वेंगुर्ल्याचा, पोस्टातून निवृत्त,
आयुष्यात कधी मुद्दाम पडलेलो नव्हतो.
तिनं माझ्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढले,
ते कानाला लागले.
म्हणजे ढिलं. आवळा. श्वास अडणार नाही इतपत.
शिटी खांद्याला, सुतळीनं. खिशात नको.
खिसा सापडेस्तोवर नदी थांबत नाही.

पडलो. नाकात खारट पाणी,
आणि वरून तिचा आवाज:
कयाक सोडू नका!
पोहता येतं म्हणून काठाकडे निघतात, तेच जातात.
कयाक लांबून दिसते.
डोकं नारळासारखं दिसतं,
आणि नारळ शोधायला कोण येतंय?

पाय मागे ताणून पाण्यावर आणा. मारा.
म्हशीच्या पाठीवर पडतात तसं पोट आडवं टाका,
मग कूस, मग बूड.
सातव्या खेपेस चढलो.
धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचं हळूहळू आलं.
दंडानं नाही, कमरेनं वल्हवायचं.
जाताना प्रवाहाच्या उलट जायचं,
थकलेल्या माणसाला नदीनंच घरी आणावं.
दुपारचा वारा सुटायच्या आत धक्का गाठायचा.
ओहोटीत बेतूलच्या बाजूला वळायचं नाही,
ते तोंड घेतं, परत देत नाही.
अनवाणी उतरायचं नाही:
खारफुटीच्या मुळांवर कालवं असतात,
माझ्या तळव्यावर त्यांची पांढरी रेघ आहे.
आणि मानशीजवळ जायचं नाही.
भरतीला ती खाजनात पाणी ओढते,
पाण्यासोबत जे असेल ते.
हे सांगताना तिनं मानशीकडे पाहिलं नाही.
मीही विचारलं नाही.

शेवटचा नियम इनासमामच्या दुकानाबाहेर टांगलेला:
एक पाटी, एक खडू.
निघताना नाव, दिशा, परतायची वेळ.
आल्यावर पुसायचं.
एवढंच.

फेब्रुवारीतला बुधवार होता.
मी वेळेआधी परतलो, साडेचारला.
इनासमाम लादायनीला गेलेला, दुकान बंद,
माझ्या हातात तिसऱ्यांची पिशवी गळत होती,
एका बाईनं नुकतीच दिलेली, जवळजवळ फुकट.
घरी आलो. नारळ खवला.
दोन घास जास्तच जेवलो.

आठच्या सुमारास नदीवरून शिटी आली.
तीन वेळा. थांबून परत तीन वेळा.
बाहेर आलो तर काठभर बॅटऱ्या,
दोन होड्या पाण्यात, तिसरी लोटत होते.
मीही घरातून बॅटरी आणली,
खारफुटीच्या काळोखात उजेड फिरवत राहिलो,
शेजारच्या पोराला विचारलं,
कोण रे हरवलंय?
त्यानं वळूनही पाहिलं नाही.
पोस्टमास्तर, म्हणाला.

पिएदाद नऊनंतर परतली,
बेतूलच्या अलीकडून, ओहोटीच्या उलट वल्हवत.
जॅकेट नीट आवळलेलं, दंड थरथरणारे.
बॅटरीच्या उजेडात मला पाहिलं.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
जेवलात? तिनं विचारलं.

छत्तीस वर्षं सही घेतल्याशिवाय
कुणाच्या हातात रजिस्टर दिलं नाही.
पोच नसेल तर पत्र पोचलेलं नसतं,
हे मी नव्या पोरांना शिकवायचो,
आणि पोच नसलेला माणूस म्हणजे काय
तेही, हसत हसत.

पाटीवर माझं वळणदार अक्षर होतं:
उत्तरेला. साडेपाचपर्यंत.
ओल्या तळव्यानं पुसलं.
खडूचं पाणी मनगटावर उतरलं.

आता आलात, ती म्हणाली,
आणि कयाकच्या एका टोकाला वाकली.
मी दुसरं टोक उचललं.