अकरा फूट

सोसायटीच्या नव्या हॉलची भिंत
तीस फूट लांब, बारा फूट उंच.
लीलाधरभाऊ म्हणाले, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फोटो,
केळीची कापणी, मागे सातपुडा, माणसं सगळी.
'सगळी' ते दोनदा म्हणाले.

मी भुसावळहून लाकडी कॅमेरा आणला, आठ बाय दहाचा.
फिल्मची अर्धी पट्टी भिंतीच्या मापाशी जुळते.
छत्तीस पट मोठं करायचं म्हणजे
फिल्मवरचं कुसळ भिंतीवर काडी होणार.

लेन्स दोन.
दीडशेची उसनी, धुळ्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची.
दोनशे दहाची माझी, कडेचं पितळ उघडं पडलेली.

काळ्या कापडाखाली शिरले.
दीडशेत सगळं मावलं: त्रेपन्न माणसं, दोन ट्रॅक्टर,
निंभोरा स्टेशनची पाण्याची टाकीसुद्धा.
पण सातपुडा मुंगळ्यांची रांग झाला
आणि टोकाची सायबू तडवी, काचेवर उलटी,
सव्वापट रुंद, डोक्यावरच्या घडासकट.
कडेला उजेड तिसऱ्या हिश्श्यावर.
उजेडाला उपाय असतो, मधोमध काळसर असलेला फिल्टर,
मधल्यांचं थोडं कापून कडेच्यांना बरोबरीत आणणारा.
लीलाधरभाऊ मधोमध उभे होते. त्यांना हे पटलं नाही.

ताणाला फिल्टर नाही.
धुळ्याचे म्हातारबुवा म्हणाले होते,
अठरा फुटांवरून बघितलं की ताण आपोआप मिटतो.
खरं आहे, मी हिशेब करून पाहिला.
पण अठरा फुटांवर थांबेल कोण?
जो तो भिंतीला नाक लावून
आधी स्वतःला शोधणार.
सायबूबाईला तेव्हा कोण सांगेल,
बाई, जरा मागे जा, अजून मागे,
तिथून तू तुझ्यासारखी दिसतेस.

दोनशे दहा लावली.
सातपुड्याला खांदे आले.
पण दोन्हीकडची सहा-सहा माणसं गळाली,
त्यात पहिली सायबूबाई.
मागे सरकायला हवं. अकरा फूट.
टाच बांधाला लागली.

बांधापलीकडे पुंडलिक झांबरे.
त्यांची आणि सोसायटीची रावेरच्या कोर्टात तारीख चालू आहे,
माझा मदतनीस हेमराज म्हणाला, त्याच्या बारशाच्या आधीपासून.
'दीडशेच लावा ना,' लीलाधरभाऊ म्हणाले,
'ताणली तर ताणली. कडेलाच तर आहे ती.'

मी लेन्सवर झाकण ठेवलं आणि बांध ओलांडला.
आबा ठिबकची नळी फुंकून बघत होते.
'अकरा फूट? कायमचे?'
'अर्धा सेकंद. मांडामांडीला दोन तास.'
हसले नाहीत. काच दाखव म्हणाले.
कापडाखाली बराच वेळ नुसते धोतराचे पाय.
मग आतून:
'आभाय खाली, मानसं वर. अन् बांध कुठी हाय?'
'तो कॅमेऱ्याच्या पुढ्यात, पार खाली. फोटोत येत नाही.'
'मंग कोर्टात हाच फोटो द्या लागीन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा उठायच्या आत,
तिपाई त्यांच्या केळीत.
दोन पानं लेन्ससमोर येत होती. मी कोयता मागितला.
'माह्या केयीले हात नको लावू,' म्हणाले,
आणि दोन्ही पानं दोन हातांनी बाजूला धरून
पुतळ्यासारखे उभे राहिले.
बत्तीसवर, अर्धा सेकंद.

भिंतीवर उजव्या कोपऱ्यात एक करडी धूसर चिंधी आहे.
हॉलमध्ये येणारे विचारतात, डाग पडला का?
मी नाही म्हणते. जास्त सांगत नाही.

सायबूबाई आली ती सरळ भिंतीपाशी गेली.
स्वतःवरून, मग घडावरून, तळहात फिरवला.
नाक जागेवर, खांदे जागेवर.
बराच वेळ बघून म्हणाली,
'घड चांगला अठ्ठावीस किलोचा व्हता.
इथं तेवढा वाटत नाई.'