दोन बोटांचं दूध

सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला गेलेला ट्रक
रिकामा परतत नाही कधी, भाड्याचं काहीतरी असतंच.
त्या खेपेला लीलाधरने केबिनमधून उतरवली ती
क्लीनरच्या मांडीवर बसून आलेली,
आग्र्याकडची, बुटकी,
पांढऱ्या अंगावर चहाचे शिंतोडे,
कान हरणासारखे उभे.
फिरके मावशी फाटकातूनच म्हणाल्या,
"बकरी हाये का खेळणं?
दूध काय चमच्यानं काढशीन?"

नाव हिमानीने ठेवलं. सुपारी.

फॉल-पिकोच्या दुकानात, मशीनच्या पायाशी,
चिंध्यांच्या ढिगावर तिची जागा.
पायडल थांबलं की मान वर करते.
एकदा मापाचा कागद खाल्ला तिने,
छत्तीस, चौदा, साडेपाच,
मी त्या बाईचा ब्लाउज अंदाजानेच शिवला.
बसला बरोबर.

आणि मे महिन्यात, गल्ली सगळी कूलरपुढे आडवी झाली
तेव्हा ही कूलरच्या मागे उभी होती,
ओलं गवत काडी काडी ओढत.
घरात झळा यायला लागल्या तेव्हा कळलं.

दूध काढायला तिला जुन्या मशीनच्या फळीवर चढवते,
नाहीतर माझी कंबर जमिनीला टेकेल.
एवढ्याशा आचळावर मूठ मावत नाही.
अंगठा आणि पहिलं बोट,
सुईत दोरा ओवायची तीच दोन बोटं.
पातेल्यात आधी टिणटिण,
मग आवाज दुधात बुडतो.
लिटरला थोडं कमी.
दोन वेळचा चहा, हिमानीला पेलाभर,
उरलं तर विरजण.

पण दूध असंच येत नाही,
हे पोरीला सांगायचं राहून गेलं होतं.
दूध यायला करडं व्हावी लागतात,
आणि करडं सगळ्या पाटीच होत नाहीत.

कार्तिकात दोन झाली.
पाटीचं नाव वेलची.
बोकडाला नाव ठेवू नको म्हटलं.
ठेवलं तिने. ढब्बू.
रिळांच्या खोक्यावर चारी खूर जुळवून उभा राहायचा
आणि गिऱ्हाइकाकडे असा बघायचा
की बायका पैसे कमी करा म्हणायच्या विसरायच्या.

सहाव्या महिन्यात त्याच्या अंगाला उग्र वास सुटला,
आईच्याच मागे लागला तो.
पालहून सुभान तडवी आला मोटरसायकलवर,
खिशात ताणकाटा.
"भाभी, येवढुसा जीव, वजनात काय भरनार?"
साडेअकरा भरला.
"पाळायला नेतोस का रे?" मी विचारलं.
तो खोटं बोलला नाही.
काट्याकडेच बघत राहिला.

लीलाधरला फोन लावला. ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी होता.
मागे हॉर्न, मागे ढाब्यावरचं गाणं.
"तू बघ," म्हणाला.
मी बघितलं.

पैसे बटणांच्या डब्यात ठेवले.
त्यातून चुनीचं पोतं आलं, जंताचं औषध,
हिमानीच्या सायकलची ट्यूब.
ती तिने बरेच दिवस बसवून घेतली नाही.
शाळेला चालत गेली, आली, कोरा चहा प्यायली,
आपला पेला तिने फळीवर उपडा घालून ठेवला.
सुपारी दोन दिवस फाटकाकडे तोंड करून ओरडली.
तिसऱ्या दिवशी निंबाचा पाला खाऊ लागली.
दूध मात्र वाढलं. अर्धा पेला.
ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग एका सकाळी मागून आवाज आला, "सरक."
मी सरकले.
अंगठा, पहिलं बोट.
पहिली धार तिच्या बाहीवर,
दुसरी सुपारीच्या पायावर,
तिसरी कुठे गेली मी पाहिलं नाही.
दूध तिनेच तापवलं.
प्यायली नाही.

यंदा कूलरला नवं गवत भरून घेतलं.
खालच्या बाजूला, वेलचीची मान पोचते तिथवर,
ते आता नाही.