पुरवणी

मूळ पुस्तकात बर्फावर बावीस पानं आहेत.
पाय किती रुततो, घोडा कुठवर दम धरतो,
बोटं काळी पडायला किती तास.
उन्हावर एक ओळ: उष्ण प्रदेशात पाणी दुप्पट लागते.
लीलाधरनं ती सावद्यात, मे महिन्यात, मोठ्यानं वाचली
आणि आम्ही हसत सुटलो, मुनाफसुद्धा,
ज्याचा योद्धा त्या घटकेला
चिलखतासकट वाळूत आडवा पडला होता.

तिथून ही वही.
कुंदाच्या काकाच्या वखारीतली, केळीच्या हिशेबाची.
डाव्या पानावर अजून घड किती, वजन किती,
दिल्लीच्या ट्रकचा नंबर.
उजव्या पानावर आमचे नियम.

एक. चिलखत घालून दुपारी बाहेर पडल्यास
तासाला एक प्राण वजा.
खिशात कांदा असेल तर दोन तासांनी.

दोन खोडलेला आहे. का, ते कुंदा सांगत नाही.

तीन. लाइट गेल्यावर पडलेला फासा धरायचा.
आकडा बोटानं चाचपून सांगायचा,
आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा.
मोबाइलचा उजेड पाडणाऱ्यानं सगळ्यांना चहा.

कोल्डरूमच्या भिंतीला पाठ टेकून खेळायचो,
गावात तेवढीच एक गार भिंत.
पलीकडे हजार कॅरेट हिरवी केळी पिवळी होत होती.
अलीकडे आम्ही पाच जण, तेवढ्याच गुपचूप,
कुणी चोर, कुणी मांत्रिक.

ड्रॅगन कुठल्या बोलीत बोलतो हे पुस्तकात नाही.
अमळनेरचा निंबा म्हणाला, अहिराणीत, दुसरं काय.
मतदान झालं, तीन विरुद्ध दोन.
पुढच्या रविवारी गुहेतून आधी धूर आला, मग आवाज,
‘कथा चालना रे भो?’
आणि आमच्या हातातल्या तलवारी
हसण्यानंच गळून पडल्या.
(पाच. त्याच बोलीत उत्तर देईल त्याला फाशावर दोन जास्त.)

नऊ. जो आला नाही, त्याचं पात्र घोडे सांभाळतं.
त्याला इजा होत नाही.
लुटीत वाटा अर्धा.

हा नियम परीक्षेपुरता होता, लग्नसराईपुरता,
केळी कापणीच्या आठवड्यापुरता.
मुनाफ सुरतेला गेला, तिथून शारजाला.
गुहेच्या तोंडाशी सहा घोड्यांचे लगाम धरून
त्याचा योद्धा सात वर्षं उभा.
आम्ही आत जाऊन आलो, तीन राजे बदलले,
लीलाधरला चष्मा लागला.
मुनाफचा अर्धा वाटा मात्र डाव्या पानावर,
घडांच्या वजनाखाली, दर वेळी मांडला.

मागल्या वर्षी निंबानं कंपनीची पुरवणी मागवली,
गुळगुळीत कागद, वासच वेगळा.
त्यात गैरहजर खेळाडूसाठी ऐच्छिक नियम:
पात्र धुक्यात विरते. वाटा नाही.
नियम चांगला होता, खोटं कशाला बोलू.
एक रविवार लावूनही पाहिला.
दहा मिनिटांनी कुंदा म्हणाली, ‘मग घोडे कुणाकडे?’
कोल्डरूमची मोटर सुरू झाली, बंद झाली.
पुस्तक निंबानं पिशवीत ठेवलं.

यंदा ईदला मुनाफ आला.
खजुराचा डबा मध्ये ठेवला, मांडी घातली,
पात्राचा जुना कागद घडी-घडीनं उलगडला.
वाटा किती साठला ते विचारलं नाही.
‘घोडे किती आहेत आता?’

कुणी मोजलेच नव्हते.
लीलाधरनं पुठ्ठ्याच्या आडोशाला फासा टाकला,
चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला.
‘सात,’ म्हणाला.
मुनाफनं सहा खोडून सात लिहिलं.
‘शिंगराला वाटा किती?’

पाव, अर्धा, काहीच नाही, दूध पितं तोवर आईच्या वाट्यातून,
सगळे एकदम बोलायला लागलो.
वहीत जागा उरली नव्हती.
कुंदानं ती पालथी केली
आणि मागच्या पुठ्ठ्याकडून
एक आकडा टाकला.